भाऊसाहेबांचा नववा आठवडा

काल रात्री नेरूळच्या आमच्या हॉलमध्ये मी तब्बल पंचेचाळीस मिनिटे चिमट्यात मेलेला उंदीर धरून बसलो होतो. तो सकाळीच फ्रीझरमधून काढला होता, गरम पाण्यात ठेवून त्याच्या अंगात ऊब आणली होती आणि डोके हेअर ड्रायरने आणखी तापवले होते, कारण ओठांवरच्या खळग्यांना ऊब जाणवल्याखेरीज आमच्या भाऊसाहेबांना, म्हणजे पाळलेल्या बॉल पायथन जातीच्या अजगराला, समोर अन्न आहे हे पटतच नाही. भाऊसाहेब लपणातून सावकाश बाहेर आले, दोनदा जीभ लपलपवली, मान उचलली. मी श्वास रोखला. मग त्यांनी त्या उंदरावर हनुवटी टेकवली आणि ते तसेच पडून राहिले. उशी म्हणून! साठ रुपयांची उशी!

उपासाचा हा नववा आठवडा. अधिक महिन्यातला जावईसुद्धा इतका रुसत नाही.

हिवाळ्यात नर बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, हे मला पाठ आहे. त्यासाठी ठाण्याच्या डॉक्टरांकडे जाण्याची गरज नव्हती. तरीही गेलो, महाप्याच्या सिग्नलला अर्धा तास अडकलो आणि आठशे रुपये मोजून ‘वाट पाहा’ एवढे दोन शब्द घेऊन परतलो. त्यात संक्रांतीला आलेल्या आत्याने ‘दूध देऊन बघ की रे’ असे सुचवले. साप दूध पीत नाही हे मी तिला दर नागपंचमीला सांगतो, आणि दर नागपंचमीला ती माझ्याकडे दयेने पाहते. सोसायटीच्या सचिवांना तर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचा कागद तीनदा दाखवला, तरी लिफ्टमध्ये त्यांचा पहिला प्रश्न ‘पेटीचे झाकण नीट लागते ना?’ हाच असतो. लागते हो! जो प्राणी तोंडासमोरचा उंदीर उचलत नाही, तो झाकण काय उचलणार?

रविवारी भाऊसाहेबांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. नऊ आठवड्यांपूर्वी वजन १४२० ग्रॅम होते, आता १३८५ भरले. म्हणजे दोन महिन्यांच्या कडकडीत उपासात जेमतेम पस्तीस ग्रॅमची झीज. याच काळात त्यांच्या काळजीने माझे वजन तीन किलोंनी वाढले आहे, कारण भाऊसाहेबांनी तोंड फिरवले की मी फरसाणाचा डबा उघडतो. कालही तसेच झाले. एकदा कोमट केलेला उंदीर पुन्हा गोठवता येत नाही, म्हणून तो कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला, हात धुतले आणि उरलेली खिचडी कढईतूनच खाल्ली. भाऊसाहेब काचेला नाक लावून माझ्याकडे एकटक पाहत होते.