खुलासा : राउंड करताना उजवीकडून एकेक अंक 'चढवत' जायचं नसतं

कोकणातल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'संख्या शतकापर्यंत राउंड करायची तर आधी एककाचा अंक बघा, मग दशकाचा, असं पायरीपायरीने जा.' राउंड करणं म्हणजे संख्या जवळच्या पूर्ण दहात, शंभरात किंवा हजारात मांडणं; शतकापर्यंत म्हणजे जवळच्या पूर्ण शंभरात. मेसेजमधली ही रीत चुकीची आहे. पोरं परीक्षेत नेमकी इथेच मार्क घालवतात.

काजूगर काट्यावर २,४४७ ग्रॅम भरले असं धरू. मेसेजच्या रीतीने ७ मुळे २,४५० झाले, मग ५ मुळे २,५००. आता अंतर मोजा. २,४४७ पासून २,४०० हे ४७ वर आहे आणि २,५०० हे ५३ वर. जवळचं २,४००, तेच उत्तर. घोळ असा की मधल्या पायरीतला ५ मूळ संख्येत नव्हताच, तो आपणच तयार केला. किलोला १,००० रुपये भाव धरला तर गिऱ्हाइकाला या एका ५ पायी १०० रुपये जास्त पडतात.

म्हणून ज्या स्थानापर्यंत जायचं, त्याच्या लगेच उजवीकडचा एकच अंक बघायचा, तोही मूळ संख्येतला. ० ते ४ असेल तर स्थानाचा अंक तसाच, ५ ते ९ असेल तर एकाने वाढवायचा; उजवीकडे सगळी शून्यं.

९ आला की मात्र जपून. ४,९६८ मध्ये दशकस्थानी ६, म्हणून शतकाचा ९ वाढून १० होतो, हातचा १ हजारात जातो : ५,०००. बरीच मुलं हातचा विसरून ४,००० लिहितात.

दशांशातही नियम तोच. २.४४७ किलो एका दशांश स्थळापर्यंत २.४ किलो.