सुटला म्हणू नका

काल कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर मास्तरांना ठसका लागला आणि तिथनंच वाद पेटला.

"ह्यांना निदान ठसका तरी लागला," कंपाउंडर म्हणाला. "भाऊला लागतच नव्हता."

भाऊ आमच्या गल्लीतला. ३४ वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं अंगाच्या हालचालींवर ताबा नाही. गेल्या आठवड्यात न्यूमोनियानं गेला. गल्लीत सगळ्यांचं एकच, "सुटला बिचारा, आईपण सुटली." मीही म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू.

अशा पोरांना गिळायचा त्रास असतो. पातळ दूध, चहा श्वासनलिकेत उतरतो, कधी कधी खोकलासुद्धा येत नाही आणि त्यातनं न्यूमोनिया धरतो. आई त्याला उशीला टेकवून, मान जरा पुढं घेऊन भरवायची. दुधात नाचणीचं पीठ शिजवलेलं. एक चमचा, मग गळा हलला का बघायचं, मग दुसरा. एका वाटीला पाऊण तास. दवाखान्यात तिला बाहेर बसवलं.

"मग आत भरवलं कुणी? आडवा ठेवून?" कंपाउंडर पेटलाच.

"दम आधीपासनंच होता की," मास्तर म्हणाले. "डॉक्टरला कशाला धरता?"

"धरत न्हाई, विचारतोय."

वकिलानं मोबाइलवर कागदाचा फोटो मोठा केला. मृत्यूचं कारण: कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. "म्हणजे हृदय नि श्वास थांबला. मेल्यावर काय चालू राहतंय व्हय? हे तुमच्या-माझ्या कागदावरबी बसंल. मूळ कारण खालच्या ओळीत लिहायचं असतंय, ती कोरी."

"पोस्टमॉर्टेम?"

"पंचगंगेला चितेच्या शेणी रचताना कुणाला सुचलं ते?"

सगळे गप्प. मीच शेणी द्यायला पुढं होतो.

वकील म्हणाला, केसपेपर मागा, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला लागतात. नर्सच्या नोंदी, ऑक्सिजनचे आकडे, एक्स-रे, काय नि कधी भरवलं ते. गुन्ह्याचं नंतर, सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालामुळं आधी दुसऱ्या तटस्थ डॉक्टरचं मत लागतं.

"त्या माउलीला आता कशाला ह्यात ओढताय?" मास्तर.

"तिनंच मला विचारायला लावलंय," कंपाउंडर म्हणाला.

मग अर्ज मास्तरांनीच लिहिला, अक्षर त्यांचं बरं. वकिलाला कायद्याच्या कलमांनी सुरुवात पाहिजे होती. मास्तरांनी ती खाली ढकलली आणि पहिल्या ओळीत आईचा प्रश्न जसाच्या तसा घातला: ‘माझ्या लेकराला बसवून भरवलं का?’