‘तारण’ला इंग्रजीत काय म्हणतात? आधी काय तारण ठेवलंय ते सांगा

नाशिकच्या कोर्टातलं प्रकरण अपिलात मुंबईला गेलं, किंवा पोराच्या परदेशी शिक्षणासाठी निफाडची जमीन बँकेला दाखवायची झाली, की सातबारा, फेरफार, खरेदीखत, सगळ्याचं इंग्रजी लागतं. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, राज्यघटनेचं कलम 348 आहे तसं. मग नाशिकच्या सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाच्या, आसपास हातात फाईल धरून एकच विचारणा सुरू होते: ‘याला इंग्रजीत चांगला शब्द काय?’

माझ्या मते इथेच गाडी चुकते. चांगला शब्द शोधायचाच नसतो. वहिवाट, बोजा, गहाण हे शब्द जुन्या दप्तरातले असतील, पण आज त्यांचा कायदेशीर अर्थ कुठल्या ना कुठल्या इंग्रजी कलमानं बांधून टाकलेला आहे. तो शब्द त्या कलमात आधीच छापून पडलाय. आपण उगाच शब्दकोशाची पानं उलटत बसतो.

तारणाचंच बघा. दागिने बँकेत ठेवून कर्ज काढलं, दागिने बँकेच्या तिजोरीत गेले. हे प्लेज, 1872 च्या करार कायद्याचं कलम 172. ट्रॅक्टर कर्जावर घेतला, तो आपल्याच शेतात फिरतोय, फक्त आरसी बुकावर बँकेचं नाव चढलंय. हे हायपॉथिकेशन. द्राक्षबागेची जमीन लिहून दिली तर मॉर्गेज. आणि विकास सोसायटीचं पीककर्ज? तिथे सभासद इकरार, म्हणजे जमीन कर्जाला बांधल्याचं लेखी निवेदन, करून देतो, सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 48. त्या इकरारानं जमिनीवर येतो तो चार्ज. मराठीत चारही ठिकाणी आपण बिनधास्त ‘तारण’ म्हणतो आणि आपलं काही अडत नाही. इंग्रजीत चौघांची जागा एकमेकांना देता येत नाही, कारण कर्ज थकलं की चारही ठिकाणी पुढचा रस्ता वेगळा.

म्हणून शब्द ठरवण्याआधी कागदाला चार प्रश्न विचारा. वस्तू हलवता येणारी की नाही? ताबा कोणाकडे? मालकी सरकली का? पैसे फिटल्यावर काय होतं? उत्तरं मिळाली की कायदा सापडतो, कायदा सापडला की शब्द.

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात नुसतं ‘बोजा’ दिसतं. त्याला सरसकट एन्कम्ब्रन्स लिहिलं जातं. चूक म्हणता येणार नाही, पण ती एक मोठी छत्री आहे. तिच्याखाली गहाणही येतं, चार्जही येतो. नोंदीशेजारी फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार काढा, वाचा, मग सोसायटीचा इकरार असेल तर चार्ज, बँकेचं गहाणखत असेल तर मॉर्गेज. फेरफार न वाचता बोजाचं भाषांतर करणं म्हणजे चिठ्ठी न बघता औषध देणं.

जुन्या दस्तांत आणखी गंमत असते. जमिनीचं नजरगहाण म्हणजे सिंपल मॉर्गेज, ताबा मालकाकडेच. ताबेगहाण म्हणजे युसुफ्रक्चुअरी मॉर्गेज, गहाण घेणारा जमीन कसतो आणि पीक खातो. दोन्ही 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये आहेत. ताबेगहाणाला मोघम मॉर्गेज लिहिलं, तर पीकपाहणीत परक्याचं नाव का, हे मुंबईत वाचणाऱ्याला कळणारच नाही. त्याच कायद्यातलं कलम 54 साठेखतासाठी पाठ असावं: विक्रीच्या करारानं जमिनीत हक्क निर्माण होत नाही. म्हणून साठेखत म्हणजे अ‍ॅग्रीमेंट फॉर सेल, खरेदीखत म्हणजे सेल डीड. साठेखताला डीड म्हटलं की न झालेली विक्री झाली.

सगळ्यात जास्त घोळ मात्र वारस दाखल्याचा. झटकन ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ लिहून मोकळे होतात, ऐकायला भारदस्त आहे ना! सक्सेशन सर्टिफिकेट 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळतं आणि ते मयताची येणी आणि रोखे यांपुरतं, म्हणजे बँकेतली ठेव, शेअर वगैरे. जमिनीला त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे दिवाणी कोर्टातून जो वारस दाखला निघतो तो 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खालचा असतो, त्याला हेअरशिप सर्टिफिकेट म्हणा. दाखल्यावर कायद्याचं नाव बघा, तेवढं वाचलं तरी भागतं. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे मराठीतही विसरतात, तिथे इंग्रजीला काय दोष द्यायचा.

शब्दकोश फेकून द्या असं नाही. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश कामाचा आहे, पण तो इंग्रजीतून मराठीत जातो. आपल्याला उलटं यायचंय. तेव्हा हवा तो मराठी शब्द ज्या ज्या इंग्रजी शब्दांपुढे दिलाय ते सगळे लिहून काढा आणि वरच्या चार प्रश्नांनी एकेक खोडा. उरेल तो इंडिया कोडच्या सरकारी संकेतस्थळावर मूळ कायद्यात पडताळा. व्याख्या बहुधा कलम 2 किंवा 3 मध्ये असतात.

औपचारिक म्हणजे जड, हा समज पण सोडा. मराठीत ‘सदर’ आलं की इंग्रजीत ‘सेड’ घुसवायचंच, असा काही नियम नाही.

काही शब्दांना मात्र हातच लावू नये. पोटखराबा शब्दाला शब्द धरून केला तर कोणाचं तरी पोट बिघडल्यासारखं वाचतं. पंचनामा, गावठाण, पोटखराबा हे रोमन लिपीत तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत अर्थ द्या. पोटखराब्याचा असा: सातबाऱ्यात धरलेला पण लागवडीखाली नसलेला भाग.

क्षेत्र लिहिताना तर डोळ्यात तेल घालावं लागतं. ‘आर’चं, म्हणजे हेक्टरच्या शंभराव्या भागाचं, इंग्रजी स्पेलिंग ‘आहेत’ या क्रियापदासारखंच, त्यामुळे वाक्यात ते विचित्र दिसतं. आणि एकटं इंग्रजी आर अक्षर लिहिलं तर परदेशातल्या माणसाला काहीच बोध होत नाही. सातबाऱ्यावर 0.81.00 असेल तर 0.81 हेक्टर, म्हणजे 8,100 चौरस मीटर, असं लिहा. साधारण दोन एकर. 1 हेक्टर 5 आर असेल तर 1.05. घाईत 1.5 टाईप झालं तर कागदावर 45 आर जास्तीचे येतात, एकराहून थोडे अधिकच, आणि ते कोणाच्या बांधातून आले हे शेजारी विचारणारच.