घरगुती व्यवसायाची पाटी: ‘परवानगी लागत नाही’ हे कितपत खरे?

मुंबईत घरातून शिवणकाम, फराळ, डबे असा व्यवसाय करणाऱ्यांमध्ये एक दावा सर्रास फिरतो. घर स्वतःचे असेल तर व्यवसायाच्या पाटीला कोणाचीही परवानगी लागत नाही, उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) असल्यास कोणी हरकत घेऊ शकत नाही, आणि मराठी पाटी लावणे तर कायद्यानेच सक्तीचे आहे, असे त्यात म्हटलेले असते.

पहिल्या विधानाला आधार आहे, पण अर्धाच. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३२८-अ प्रमाणे जाहिरात लावण्यास आयुक्तांची लेखी परवानगी लागते. ज्या इमारतीत व्यवसाय चालतो तिथेच त्याची पाटी असेल तर सूट मिळते, परंतु ती पाटी दिव्यांची किंवा आकाशचिन्ह (इमारतीच्या वर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक) प्रकारची नसावी. शिवाय ही सूट केवळ जाहिरात-परवानगीपुरती आहे. निवासी जागेत व्यवसाय कसा चालावा हे विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे शहरातील बांधकाम आणि जागेच्या वापराचे नियम, ठरवते, आणि खरी मेख तिथेच आहे. घरातल्या माणसाने, पगारी नोकर न ठेवता करायच्या ‘घरगुती व्यवसाया’च्या तिथल्या व्याख्येतच अट आहे की इमारतीचा वापर राहण्याखेरीज अन्य कारणासाठी होतो, असे बाहेरून दर्शवणारे काहीही प्रदर्शित केलेले नसावे. म्हणजे ज्या सवलतीच्या बळावर शिलाई मशीन घरात चालते, तीच सवलत रस्त्यावरून दिसणाऱ्या पाटीने धोक्यात येते. हा दावा पुढे पाठवणाऱ्यांना ही अट बहुधा ठाऊकच नसते.

उद्यम नोंदणी ही केंद्र सरकारकडे स्वयंघोषणेने होणारी उद्योगाची नोंद आहे. तिने जागेचा मंजूर वापर बदलत नाही. आणि घर स्वतःचे असले तरी सोसायटीची बाह्य भिंत एकट्या सदस्याच्या मालकीची नसते.

मराठी पाटीबाबतची, राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती दुकाने व आस्थापनांच्या नामफलकाची भाषा, लिपी आणि अक्षरांचा आकार ठरवते. जिथे फलक लावण्यास मुळात मनाई आहे तिथे तो लावण्याचा हक्क तिच्यातून निर्माण होत नाही.

‘मग डॉक्टर-वकिलांच्या पाट्या कशा चालतात?’ हा प्रश्न रास्त आहे. निवासी जागेतील व्यावसायिकांचे कार्यालय किंवा दवाखाना हा नियमावलीत वेगळा, क्षेत्रफळाची मर्यादा असलेला प्रकार आहे. तिथेही मोकळीक नाहीच: वकिलाची पाटी वाजवी आकाराची असावी, असे बार कौन्सिलचा नियम सांगतो, आणि डॉक्टरांच्या अवास्तव मोठ्या पाटीला वैद्यकीय आचारसंहितेचा आक्षेप आहे.