अरे गिटा, आधी विचार ना!

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. कोड पुश करायला, म्हणजे सर्व्हरवर पाठवायला जा, टोकन दाखव, एसएसएच की दाखव, ओळखीच्या पुराव्यांची झाडाझडती नुसती. आणि कमिटवर, म्हणजे बदलाच्या नोंदीवर, नाव कोणाचं? काहीही टाका! यूझर डॉट नेम या सेटिंगमध्ये खुद्द गिट बनवणारा लिनस टोरवाल्ड्स लिहा, गिट चकार शब्द काढणार नाही.

आमच्या ऑफिसात टेस्ट सर्व्हरवर सगळ्यांना मिळून एकच लॉगिन. गिटची ग्लोबल कॉन्फिग म्हणजे त्या लॉगिनच्या होम फोल्डरमधली सेटिंग्जची फाइल, आणि तिच्यात कधीच नोकरी सोडून गेलेल्या एका गृहस्थांचं नाव. तिथून घाईत केलेला प्रत्येक फिक्स त्यांच्या खात्यावर जमा! परवा नव्या पोराने ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली ती यादी) बघितलं आणि टाइमआउट का वाढवला म्हणून थेट त्यांनाच लिंक्डइनवर मेसेज टाकला. आता बोला.

बरं, ते नाव उडवावं, तर गिट स्वतःच्या मनाने बारसं करतो. लॉगिन आणि मशीनचं नाव जोडून ईमेल तयार! 'उबुंटू' (हे तर सर्व्हरवरचं तयार लॉगिन!) नावाचा माणूस किती रिपॉझिटरीत, म्हणजे प्रोजेक्टच्या कोड-साठ्यांत, राबतोय बघा एकदा. वर शहाणपणा असा की कमिट झाल्यावर सांगणार, नाव-ईमेल अंदाजाने घेतलंय, तपासून घ्या. मेल्या, आधी विचारायला तोंड शिवलं होतं का? हा अंदाजपंचे कारभार बंद करणारी यूझ-कॉन्फिग-ओन्ली नावाची सेटिंग 2016 पासून आहे. पण डीफॉल्ट? बंद!

घरच्या लॅपटॉपवर इन्क्लूड-इफ, म्हणजे फोल्डर बघून वेगळी सेटिंग उचलणारा नियम, लावा म्हणतात. ऑफिसच्या फोल्डरला एक ईमेल, स्वतःच्या प्रोजेक्टला दुसरा. छान. फक्त फोल्डरच्या पाथच्या शेवटी तिरकी रेघ राहिली की आतल्या रिपॉझिटरींना नियम लागूच होत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. आणि तो इन्क्लूड-इफचा ब्लॉक कॉन्फिगमध्ये यूझरच्या, म्हणजे नाव-ईमेलच्या, ब्लॉकच्या वर लिहिला तर खालचं नाव त्याच्यावर बसतं. हेही निमूटपणे.

मग निस्तरा. शेवटचा एकच कमिट असेल तर अमेंड (कमिट दुरुस्त) आणि रीसेट-ऑथर (नाव नव्याने). मागचे असतील तर रीबेस (कमिट पुन्हा रचा), तिथून पुढचे सगळे हॅश, म्हणजे कमिटचे ओळख-क्रमांक, नवे, वर फोर्स पुश (सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदला), आणि मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, तो बहुतेक ठिकाणी चालत नाहीच!

प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या आणि ती यूझ-कॉन्फिग-ओन्ली सिस्टिम लेव्हललाच, म्हणजे सगळ्या लॉगिनसाठी, चालू करून टाका, असं अ‍ॅडमिनला सांगितलं. तर म्हणे तिकीट काढा, तुमच्या मॅनेजरचं अप्रूव्हल लागेल. अप्रूव्हल! नाव कोणाचंही चालतं, सही मात्र मॅनेजरचीच पाहिजे.