ट्रायम्फचा लाकडी डॅशबोर्ड: ‘सागवान बसवा आणि विसरा’ हे खरं नाही

जुन्या ट्रायम्फ टीआर6 किंवा स्पिटफायर या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचा डॅशबोर्ड उकलला की एक सल्ला हमखास फिरतो: “प्लाय फेका, अर्ध्या इंची सागवानी फळी बसवा, वर पॉलियुरेथेनचा जाड हात द्या. जन्मभर बघायला नको.”

“अख्खं लाकूड प्लायपेक्षा टिकाऊ.” डॅशबोर्डात नाही. लाकूड त्याच्या रेषांना आडव्या दिशेने फुगतं-आकसतं. 200 मिमी रुंदीच्या सागवानी फळीचा ओलावा 4 टक्क्यांनी बदलला, तर रुंदी दीड मिमीपर्यंत हलते. त्यात स्पीडोमीटर आणि आरपीएम मीटरची मोठी भोकं. त्यांच्या मधल्या अरुंद पट्टीत रेषा आखूड पडतात आणि तडा नेमका तिथेच जातो. टीआर6 ला कारखान्यातूनच प्लायवर अक्रोडाचं व्हेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) होतं, ते काही काटकसर म्हणून नव्हे. प्लायचे थर एकमेकांना काटकोनात असल्याने तो फारसा हलत नाही. बर्च प्लाय घ्या. व्हेनिअर मागच्या बाजूलाही लावा, नाहीतर पट्टी धनुष्यासारखी वाकते.

“जाड तितकं भक्कम.” स्विचच्या मानेवरचे आटे ठरावीक जाडीपुरतेच असतात. फळी जाड झाली की नट पकडत नाही. जुनी पट्टी व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि तेवढीच जाडी ठेवा.

“कोणताही गोंद चालतो.” उन्हात बंद गाडीत डॅशबोर्ड 70 अंशांच्या वर तापतो. तेवढ्या उष्णतेत सुताराचा पांढरा गोंद मऊ पडतो आणि काँटॅक्ट अॅडहेसिव्हवर फुगे येतात. युरिया फॉर्मल्डिहाइड गोंद वापरा. सागाचंच व्हेनिअर हवं असेल, तर चिकटवण्याआधी अॅसिटोनने पुसा, कारण त्यातलं तेल गोंद धरू देत नाही.

“एक जाड हात पुरे.” जाड थर आधी तडकतो. यूव्ही-रोधक टू-के क्लिअरचे (हार्डनर मिसळून लावायच्या पारदर्शक लॅकरचे) पातळ हात द्या. मागची बाजू आणि भोकांच्या कडाही बंद करा. पाणी शिरतं ते कडेतून. एमडीएफ तर तिथेच पावासारखा फुगतो.

“वायरिंगला हात लावायची गरज नाही.” पत्र्याचा डॅशबोर्ड काढून लाकडी बसवताना ही चूक हमखास होते. पत्रा स्वतःच अर्थ (विजेचा परतीचा मार्ग, अर्थिंग) देत होता, लाकूड देत नाही. प्रत्येक मीटरच्या केसला काळी वायर जोडा. जिथे मीटरना स्थिर 10 व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर आहे, तिथे त्याच्या बॉडीलाही अर्थ हवा. तो अर्थ तुटला तर पेट्रोल आणि तापमानाचे दोन्ही काटे एकदम वर चढतात आणि लोक उगाच रेडिएटर उघडून बसतात.