एक किलोचा हलवा

‘काय अवघड आहे? किसायचं आणि आटवायचं,’ असं गाजर हलव्याबद्दल जे सांगतात, त्यांनी तो आजवर फक्त खाल्लेला असतो. ‘किसायचं’मध्ये अर्धा तास आणि एक नख जातं, ‘आटवायचं’मध्ये उरलेली दुपार.

गाजरं थंडीतली, लांब, लाल, ‘दिल्ली गाजर’ म्हणून मिळतात ती घ्यावीत. वर्षभर मिळणाऱ्या केशरी गाजरांचा हलवा म्हणजे भाजीत चुकून साखर पडल्याची चव, हे माझं मत आहे आणि ते मी मागे घेणार नाही. किसायचं काम वाचेल म्हणून जाडजूड गाजरं उचलाल, तर त्यांच्या पोटात पिवळट दांडा निघतो. तो धड शिजत नाही आणि दाताखाली काडीसारखा येतो. मध्यम गाजर घ्या, फिरवत फिरवत किसा, दांडा लागला की थांबा. थांबणं बोटांच्याही हिताचं, कारण किसणीवरचे अपघात शेवटच्या इंचभरातच होतात, आणि लाल गाजराच्या किसात ते दिसतही नाहीत.

मिक्सरचा मोह टाळा. त्यात किस होत नाही, चुरा होतो, आणि चुऱ्याची शेवटी खीर होते. कुकरचंही तेच, दोन शिट्ट्यांत लगदा.

1 किलो गाजरांचा किस परात भरून दिसतो. सोसायटीला पुरेल असं वाटतं आणि इथेच माणूस चार जणांना जेवायला बोलावून बसतो. गाजरात जवळजवळ नव्वद टक्के पाणी, वर घातलेल्या लिटरभर दुधातही ऐंशी टक्क्यांच्या वर. म्हणजे हलवा करणं हे मुळात सव्वा लिटर पाणी खिडकीतून बाहेर घालवायचं काम आहे. परातीचा शेवटी मध्यम डबा होतो.

जाड बुडाच्या कढईत 3 चमचे तुपावर किस आठ-दहा मिनिटं परतायचा, कच्चा वास जाईपर्यंत. मग म्हशीचं, न काढलेल्या सायीचं 1 लिटर दूध, उकळलेलं. पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही. दूध आणि गाजर एकमेकांकडे बघत बसतात. घडायला लागतं ते नेमकं तुम्ही फोन घ्यायला गेल्यावर. दूध बुडाला बसलं की करपट वास वरपर्यंत येतो आणि कितीही वेलची घाला, तो जात नाही. तसं झालंच तर ढवळू नका. वरचा हलवा अलगद दुसऱ्या भांड्यात काढा आणि खालच्याला विसरा.

साखर 200 ग्रॅम, आणि ती दूध आटल्यावरच. आधी घातली तर किस मऊ व्हायचा थांबतो, चिवट राहतो. नंतर घातली तरी घाबरवतेच, कारण ती विरघळते आणि तासभर आटवलेलं सगळं पुन्हा पातळ होतं. या टप्प्यावर बरेच जण आपलं चुकलं समजून घाईनं जास्तीचा खवा घालतात. काही चुकलेलं नसतं. आणखी पंधरा मिनिटं उलथणं फिरवा. मग 150 ग्रॅम खवा मोकळा करून, आणखी 2 चमचे तूप, वेलची. कडेनं केशरी तूप सुटलं आणि हलवा उलथण्याबरोबर एका गोळ्यानं फिरायला लागला की गॅस बंद. थोडा ओलसर असतानाच उतरवा, गार झाल्यावर तो आणखी आळतो.

एवढं करूनही बिघडला तर दूध घाला, खीर म्हणा. गाजराची पुंगी मोडून खाण्याची सोय आपल्याकडे आधीपासून आहे.

आणि कढईच्या कडेला जी तांबूस, चिवट खरवड धरलेली असते, ती पाहुण्यांची नव्हे. चमच्यानं खरवडून ती उभ्या उभ्या, ओट्यापाशीच संपवायची. तेवढ्यात बाहेरून विचारणा येते: ‘एक किलोचा एवढाच झाला?’